रेशनच्या रांगेपासून गावाच्या कोठारापर्यंत : झहिराबादच्या दलित महिलांनी काय करून दाखवले?

वस्तीत काम करताना आपण कार्यकर्ते एक प्रश्न हमखास विचारतो, "रेशन मिळतं का?" प्रश्न गरजेचाच आहे. पण त्यापुढचा प्रश्न आपण क्वचित विचारतो. हे धान्य कुठे पिकले, कोणी पिकवले आणि आपल्या ताटात काय यावे हे कोणी ठरवले?

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे तुकडे आणि मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, तसेच शेतीकडे वळायलाही सांगितले. म्हणजे अन्नाचा प्रश्न केवळ पोटाचा नव्हता. तो स्वाभिमानाचा आणि जमिनीचाही होता. पुढे १९५९ आणि १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, ते याच वाटेने.

झहिराबादचा प्रयोग

सोलापूरहून हैदराबादला जाताना वाटेत झहिराबाद लागते. आज ते तेलंगणात असले, तरी मराठवाड्याप्रमाणेच पूर्वी निजामाच्या राज्यात होते. तिथेही कोरडवाहू शेती आणि ज्वारीची भाकरी. १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था तिथल्या गावांत महिलांचे 'संघम' उभे करत आली आहे. सदस्य बहुतांश दलित, अल्पभूधारक किंवा भूमिहीन स्त्रिया.

अडचण अशी होती की, अनेकींच्या नावावर हलकी, मुरमाड जमीन होती, पण नांगरट, खत आणि बियाण्याला पैसा नव्हता. त्यामुळे रान पडीक राहायचे. रेशनवर स्वस्त तांदूळ मिळायचा, मात्र तो महिनाभर पुरायचा नाही आणि ज्वारी-बाजरी ताटातून हळूहळू नाहीशी होत होती.

१९९० च्या दशकाच्या मध्यात महिलांनी केंद्र सरकारच्या ग्रामविकास खात्याच्या मदतीने स्वतःची पर्यायी रेशन व्यवस्था उभारली. ३२ गावांत अडीच हजार एकरांहून अधिक पडीक जमीन लागवडीखाली आली. पडीक रान कसण्यासाठी कर्ज मिळाले, पण त्याची फेड पैशात नव्हे, तर पुढील काही वर्षे ज्वारीत करायची होती. ती ज्वारी गावातच साठवली गेली. गावातले सर्वांत गरीब कोण, हे गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरवले आणि टंचाईच्या दिवसांत त्यांना ती स्वस्तात दिली गेली. पीक गावाचे, कोठार गावाचे आणि यादीही गावानेच केलेली.

जोडीला बियाणे बँक आली. गरजेला बियाणे न्यायचे आणि सुगीनंतर घेतल्यापेक्षा जास्त परत करायचे. जिच्याकडे जमीन नव्हती, तिने गटाने जमीन खंडाने घेतली. २००८ मध्ये या महिलांनी स्वतःचे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू केले. २०१९ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

धोरणाची जोड का हवी?

एकट्या बचत गटाच्या बळावर हे टिकत नाही. त्यासाठी कायदा आपल्या बाजूने वापरावा लागतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ मध्ये गहू-तांदळासोबत भरडधान्यही आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी रेशनवर देणे कायद्यात बसते. शेजारच्या कर्नाटकात रेशनवर ज्वारी आणि नाचणी दिली जाते. ओडिशाने २०१७ मध्ये भरडधान्य अभियान सुरू केले आणि नाचणी रेशनपर्यंत नेली.

याचा अर्थ मोफत रेशन नको असा कोणी काढू नये. तो आपला हक्क आहे आणि तो टिकवायचाच आहे. मागणी एवढीच की, सरकारने ते धान्य हमीभावाने आपल्याच भागातल्या लहान शेतकऱ्याकडूनही घ्यावे.

मूळ प्रश्न मात्र जमिनीचा आहे. महाराष्ट्रात कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर जिरायती किंवा २ एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. पण शासनाच्या दराने जमीन विकायला फारसे कोणी पुढे येत नाही. दुसरीकडे, १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा आहे. तरीही कसणाऱ्या अनेक कुटुंबांचे नाव आजही सातबाऱ्यावर नाही. नाव नसेल तर पीक कर्ज मिळत नाही, हमीभावाने धान्य विकताना अडचण येते आणि नोटीस कधी येईल याचा नेम नसतो.

आपण काय करू शकतो?

पहिले, गायरान कसणाऱ्या कुटुंबांची यादी करा. दंडाच्या पावत्या, पीक पाहणीच्या नोंदी, जुने पंचनामे एका फाइलमध्ये जमवा. हक्क सिद्ध करताना हेच कागद उपयोगी पडतात.

दुसरे, अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २९ नुसार प्रत्येक रेशन दुकानासाठी दक्षता समिती असते. तीत अनुसूचित जाती आणि महिलांना योग्य प्रतिनिधित्व देणे बंधनकारक आहे. आपल्या गावात समिती आहे का आणि तिची बैठक होते का, हे ग्रामसभेत विचारा.

तिसरे, बुद्ध विहार केवळ वंदनेपुरते ठेवू नका. पाच-दहा महिलांनी विहारात गावरान बियाण्यांची मडकी ठेवली, तरी बियाणे बँकेची सुरुवात होते.

एकेकाळी आपल्या माणसांना भाकरीसाठी दारोदार फिरावे लागले. झहिराबादच्या स्त्रियांनी स्वतः पिकवून गावातल्या गरिबाला धान्य दिले. मागणाऱ्या हाताचा देणारा हात झाला. हे आपल्या गावातही होऊ शकते.

जय भीम!