लाकडावरील डाग

परतवाड्याच्या वखारीतले मेळघाटी सागवान सर्वांना परवडत नाही. आमच्या वऱ्हाडात गरिबाघरचे कपाट आंब्याचे, नाहीतर देवदारी खोक्यांचे. त्याला पॉलिशचा रंग दिला की ढगासारखे डाग उठतात. कारण असे लाकूड सगळीकडे सारखे पीत नाही. मऊ भाग आणि फळीची कापलेली टोके जास्त रंग शोषतात. माझे वडील सुतार. ते चपडा लाख स्पिरिटमध्ये अगदी पातळ विरघळवून आधी एक हात देतात. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवतात, मगच रंग. लाखेमुळे छिद्रे थोडी बुजतात आणि रंग सारखा बसतो. तत्पूर्वी तो उरलेल्या तुकड्यावर पाहावा. डाग उठले तर पुन्हा रंधा मारावा लागतो, आणि त्या दिवसाची मजुरी कोणी देत नाही.