अलास्का : ७२ लाखांचा सौदा

३० मार्च १८६७च्या करारानुसार रशियाने अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलरना विकले. एकरी जेमतेम दोन सेंट! हा सौदा करणारे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड यांची काही वर्तमानपत्रांनी यथेच्छ टर उडवली. १८ ऑक्टोबरला सिटका येथे हस्तांतर झाले, तेव्हा रशियन झेंडा असा अडकला की उतरेना. तो सोडवायला माणूस वर चढवावा लागला. रशियन तारखा जाऊन अमेरिकी तारखा आल्या आणि अलास्कात लागोपाठ दोन शुक्रवार झाले.

१९२५च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्प पसरला. कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी सुमारे १,०८५ किलोमीटर बर्फ तुडवत साडेपाच दिवसांत औषध पोहोचवले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळा उभा राहिला तो शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो या कुत्र्याचा. सर्वांत लांब, जोखमीची मजल मारली होती टोगो या कुत्र्याने. श्रेयाच्या बाबतीत कुत्र्यांचीही माणसांसारखीच गत!

१९५९मध्ये अलास्का ४९वे राज्य झाले. १९६४मध्ये ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. १९६८मध्ये प्रूडो बे येथे तेल सापडले आणि सेवर्ड यांचे गणित उशिरा का होईना, बरोबर ठरले. तेलाच्या उत्पन्नातून उभारलेल्या निधीचा लाभांश रहिवाशांना १९८२पासून मिळतो; पहिल्या वर्षी माणशी १,००० डॉलर मिळाले.