दृष्टांत आणि त्याची पारख

कोणाला रात्री दृष्टांत झाला, कोठे मूर्तीतून पाणी पाझरले, की ती वार्ता उल्हासनगरहून अंबरनाथ-बदलापूरला पोहोचायला एक लोकल गाडी पुरते. मग कोणी म्हणतो, हे देवाचेच. कोणी म्हणतो, सारे थोतांड. ख्रिस्ती शिकवण या दोघांनाही सांगते, जरा थांबा. कोणत्याही आत्म्यावर डोळे मिटून भरवसा टाकू नये, असा इशारा योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. उलट थेस्सलनीकाकरांस लिहिताना पौल बजावतो की, संदेशांना तुच्छ लेखू नका, पण पारखून घ्या. तेव्हा पारख करणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. ते श्रद्धावंताचेच काम आहे.

ही पारख चुकली तर किंमत कोण मोजतो? बहुधा घरातला आजारी माणूस. 'खूण मिळाली, आता औषध कशाला' असे म्हणून त्याची गोळी बंद होते आणि दुखणे हाताबाहेर जाते. म्हणून हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही.

पहिली कसोटी साध्या कारणाची. मार्च २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याजवळ इर्ला येथे, वेलंकणी माउलीच्या चर्चजवळच्या क्रूसावरील ख्रिस्तमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविक जमले, ते पाणी तीर्थासारखे घेऊ लागले. बुद्धिवादी लेखक सनल एडामारुकू यांनी जागा पाहिली. जवळच्या मोरीचे पाणी तुंबून ते भिंतीतून वर चढत होते, असे त्यांनी दाखवले. काहींनी त्यांच्यावर पोलिसांत तक्रारी केल्या आणि त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. भिंतीला ओल कशी चढते, हे आपल्याकडे पावसाळा काढलेल्या माणसाला सांगायला नको. दिव्याच्या वातीत तेल चढते तसेच हे. शिक्षकांनी वाटीभर रंगीत पाण्यात सुती वात सोडून मुलांना हे जरूर दाखवावे. मोरी तुंबली होती हे कळल्याने देव लहान होत नाही. न तपासता ते पाणी तोंडात घालणे मात्र धोक्याचे.

दुसरी कसोटी शिकवणीची. अनुवादाच्या तेराव्या अध्यायात मोठी विचार करण्याजोगी गोष्ट आहे. संदेष्ट्याने सांगितलेली खूण खरी ठरली, तरी तो देवापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकायचे नाही. चमत्कार घडला एवढ्याने तो देवाचा ठरत नाही.

तिसरी कसोटी माणसाची. दृष्टांत सांगणारा प्रामाणिक आहे काय, त्याचे मन ठिकाणावर आहे काय? त्या दृष्टांतापायी त्याला पैसा, मान, सत्ता मिळते आहे काय? चौकशी केली की तो रागावतो काय?

चौथी कसोटी फळांची, आणि ती सावकाश लागते. यासाठी पुणे-दौंड मार्गावरील केडगावला जाऊ. तेथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली राहत. जून १९०५ च्या अखेरीस एका पहाटे एका मुलीला आपली सोबतीण ज्वाळांनी वेढलेली दिसली. ती धावत गेली, पाण्याची बादली आणली आणि ओतणार, तोच कळले की आग कोठेच नाही. मिशनमधील कार्यकर्त्या मिनी अब्राम्स यांनी ही हकीगत लिहून ठेवली आहे. त्या मुलीने आधी बादली उचलली, हे मला फार मोलाचे वाटते. आग दिसली तर प्रथम पाणी आणावे, हाच शहाणपणा.

पुढे तेथे रडणे, पापांची कबुली, अनोळखी भाषांत प्रार्थना असे पुष्कळ घडले. रमाबाईंना स्वतःला त्या भाषांचे दान लाभले नव्हते. तरी त्यांनी ते बंद पाडले नाही, आणि प्रत्येकीला ते लाभलेच पाहिजे असेही म्हटले नाही. मुक्तीतले शिक्षण, छापखाना, विणकाम, शेती चालूच राहिली. बायबलच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत केले. दृष्टांतानंतर माणसे अधिक प्रेमळ, संयमी, कष्टाळू होतात की भांडखोर आणि गर्विष्ठ, हेच पाहायचे. गलतीकरांच्या पत्रात आत्म्याची फळे मोजली आहेत. त्यांत प्रेम आहे, सौम्यता आहे, संयम आहे, चमत्कार नाही.

कॅथलिक चर्चने १७ मे २०२४ रोजी याबाबत नवे नियम प्रसिद्ध केले. स्थानिक बिशपांनी जाणकारांसह चौकशी करायची आणि व्हॅटिकनचा विचार घेऊन सहांपैकी एक निर्णय द्यायचा. त्यांतला सर्वांत अनुकूल निर्णयही 'हरकत नाही' एवढाच असतो. हे निश्चित देवाचेच, असे शिक्कामोर्तब सहसा होत नाही. अशा गोष्टीवर विश्वास ठेवण्याची सक्तीही कोणावर नसते.

मग आपण काय करावे? दृष्टांत सांगणाऱ्याची थट्टा करू नये. त्याचे शांतपणे ऐकावे. आपल्या पाळकांना किंवा धर्मगुरूंना विचारावे. गर्दी जमवण्याची, वर्गणी काढण्याची घाई करू नये. आणि घरात कोणी आजारी असेल तर प्रार्थना अवश्य करावी, पण डॉक्टरांचे औषध चालू ठेवावे. जे देवाचे असेल ते चार दिवस थांबल्याने विटणार नाही.