दुकान उघडायचं की नाही?

दोस्तांनो, म्हशीला लॉकडाऊन कळतो का हो? नाही ना! २५ मार्च २०२० ला सारा देश घरात बसला, पण वारणानगरच्या पंचक्रोशीत धारा काढणं काही थांबलं नाही. दूध अत्यावश्यक, म्हणून त्याला परवानगी होती. पण कापडाच्या, चपलांच्या, भांड्यांच्या दुकानांचं काय? दुकान बंद असलं, तरी जागेचं भाडं आणि नोकरांची चूल चालूच!

२०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट आली. त्या वेळी ७ जूनपासून राज्य सरकारने निर्बंधांचे पाच स्तर केले. पाहायच्या गोष्टी दोनच. शंभर चाचण्यांत किती जण बाधित निघाले? आणि ऑक्सिजनच्या शंभर खाटांपैकी किती भरल्या? बाधित पाचांहून कमी आणि भरलेल्या खाटा पंचविसांहून कमी असल्या, तर पहिला स्तर, म्हणजे व्यवहार खुले. बाधित १० ते २० किंवा भरलेल्या खाटा साठांहून जास्त असल्या, तर चौथा.

आपला कोल्हापूर जिल्हा चौथ्या स्तरात गेला. किराणा, दूध, औषधं सुरू, बाकी दुकानांना कुलूप. व्यापारी म्हणाले, आता पुरे, आम्ही जगायचं कसं? तिकडे दवाखान्यात खाटेसाठी धावाधाव. सांगा बरं, खोटं कोण बोलत होतं? कुणीच नाही!

आणखी एक अडचण. दहा लाखांहून मोठ्या शहरांचा हिशेब वेगळा होता. कोल्हापूर तेवढं मोठं नाही, म्हणून शहर आणि सगळी खेडी एकाच हिशेबात. ज्या गावात रुग्ण थोडे, तिथलंही दुकान बंद! अन्याय वाटतो ना? पण माणसं एका गावात थोडीच थांबतात? एसटीत, बाजारात, लग्नात विषाणूही बरोबर येतोच.

खरी गोम पुढेच आहे. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागतात. दवाखान्याची वेळ त्याच्याही नंतर. म्हणजे आजचा आकडा जुन्या दिवसांची गोष्ट सांगतो! आज सगळं उघडलं, तर चूक कळायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून थोडं उघडायचं, थांबून आकडे पाहायचे, मग पुढचं पाऊल. आणि जो थांबतो, त्याचं पोट कोण भरणार, हेही आधी ठरवायचं.

आता हे गणित सोडवा. २०० चाचण्यांत ३० बाधित, १०० खाटांपैकी ५० भरलेल्या. स्तर कोणता? आणि तुमच्या शेजारच्या दुकानदाराला ते कसं समजावाल?