डॉक्टरांचं वेळापत्रक आणि पेशंटचा दिवस
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२४च्या फेब्रुवारीत माझ्या भाचीचा अमेरिकेतून फोन आला. इथून एमबीबीएस होऊन गेलेली. फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी मुलाखती देऊन झाल्या होत्या. ‘‘मामू, दोन ठिकाणं आवडलीत. शिकवतात सारखंच, वेळापत्रक निराळं. कुठलं वर लिहू?’’

मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. पण ऐकत गेलो.

तिकडे १९६९ साली या विषयाला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. प्रशिक्षण तीन वर्षांचं. उमेदवार पसंतीक्रम लिहितो, रुग्णालयंही लिहितात, संगणक जोड्या लावतो आणि मार्चमध्ये निकाल. म्हणजे यादीतल्या एका ओळीवर तीन वर्षं ठरतात.

या डॉक्टरांना दोन धनी असतात, वॉर्ड आणि दवाखाना. जुन्या पद्धतीत महिनाभर एक विभाग, कधी बाळंतपणाचा, कधी अतिदक्षता, आणि त्यातूनच आठवड्यातली एखाद-दुसरी दुपार दवाखान्यात. वॉर्डातल्या पेशंटला धाप लागलेली आणि इकडे दवाखान्यात माणसं खोळंबलेली. शरीर एकीकडे, जीव दुसरीकडे.

म्हणून काही ठिकाणी आठवडेच वाटून टाकले. इंटर्नल मेडिसिनमध्ये ‘चार अधिक एक’, म्हणजे चार आठवडे वॉर्ड, एक आठवडा फक्त दवाखाना. फॅमिली मेडिसिनमध्ये कुठे ‘दोन अधिक दोन’. डॉक्टरांची ओढाताण थांबते. पण रक्तदाबाची गोळी बदललेल्या म्हाताऱ्याला आठवड्यानं परत बोलवायचं, तर डॉक्टरीणबाई वॉर्डात! तो मग दुसऱ्याच कुणापुढे जाऊन बसतो आणि सगळी कहाणी पुन्हा सांगतो.

तिसरी तऱ्हा, सगळे विषय वर्षभर थोडे थोडे. सकाळी त्वचारोग, दुपारी आपला दवाखाना. यात पेशंट सुटत नाही. पण बाळंतपण काही अर्ध्या दिवसाच्या हिशेबानं येत नाही.

एकूण तासांवर मर्यादा आहे. २००३पासून आठवड्याला सरासरी ८० तास. (सरासरी हा शब्द मोठा सोयीचा!) पूर्वी तीन वर्षांत दवाखान्यात १६५० भेटी मोजून दाखवाव्या लागत, २०२३च्या नियमांत त्याऐवजी १००० तास आले.

मला आमच्या गावचे डॉक्टर आठवले. आजोबांचा दमा आणि माझा गोवर एकाच डोक्यात लक्षात असलेले. मी तिला म्हटलं, ‘‘दोन्हीकडच्या सीनियरांना एवढंच विचार, मधुमेहाचा पेशंट वर्षात चारदा आला, तर किती वेळा त्याला तोच डॉक्टर भेटतो?’’

एकीकडून उत्तर आलं, ‘‘बहुतेक तीनदा.’’ दुसरीकडून, ‘‘जो मोकळा असेल तो बघतो.’’ तिनं पहिलं ठिकाण वर लिहिलं. मार्चमध्ये मिळालं दुसरं.

आता ती खिशात एक छोटी वही ठेवते. कुणाला कधी परत बोलवायचं ते लिहिते, आणि पुढची तारीख आपल्याच दवाखान्याच्या आठवड्यात द्या म्हणून काउंटरवरच्या बाईंच्या मागे लागते. बाई आधी वैतागायच्या. आता त्या स्वतःच तिचे आठवडे कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवतात.