रविवारची ड्युटी आणि मंडळी

कामशेतहून एका ऐकणाऱ्याचा व्हॉइस मेसेज आलाय. तो लोणावळ्यात हॉटेलात कामाला आहे. रविवार म्हणजे तिथे गर्दीचा दिवस, सुट्टी विसराच. तो विचारतो, "प्रवचन मोबाइलवर ऐकतो, प्रार्थना करतो. विश्वास हा माझा आणि प्रभूचा मामला. मग मंडळीत नसलो तर बिघडतं काय?"

अर्धी गोष्ट मला पटते. आई-बाबांचा विश्वास आपल्याला उसना घेता येत नाही. पण गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय उघडा. दुसऱ्या वचनात पौल एकमेकांची ओझी वाहायला सांगतो, आणि पाचव्यात म्हणतो, ज्याने त्याने आपला भार वाहावा. गोंधळ वाटतो ना? मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. बरेच अभ्यासक म्हणतात, पहिलं ओझं माणसाला दाबून टाकणारं, दुसरं ज्याच्या त्याच्या वाट्याचं.

हे दोन्ही जगलेली बाई आपल्याच जिल्ह्यात राहिली. लोणावळा लोकलने पुणे गाठा, पुढे दौंडची गाडी धरा, की केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी सिस्टर जेराल्डीनना पत्रांतून ठणकावलं, की माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या ताब्यात देणार नाही. पाळकांनाही ऐकवायला हवं हे! आणि तीच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आली. मुक्तीत शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, ते स्वतःच्या समजेने. पण छापखान्यात खिळे जुळवले मुक्तीतल्या मुलींनी. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, बायबल १९२४ ला बाहेर आलं.

तर दोस्ता, प्रवचन मोबाइलवर मिळेल. पण तापाने पडलास तर रूमवर डबा कोण आणणार? आणि शेजारचा पोरगा पडला, तर तू नेशील का?

दोष तुझा एकट्याचा नाही, हेही सांगतो. लोणावळ्यातली निम्मी पोरं रविवारी ड्युटीवर असतील आणि उपासना फक्त रविवारी सकाळीच होत असेल, तर तो प्रश्न मंडळीचा आहे. बुधवारी रात्री शिफ्ट सुटल्यावर एखाद्याच्या घरी चार जण जमले तरी चालेल. पाळकांना फोन कर, आजच.

पुढच्या भागात बोलू दानार्पणाच्या हिशोबावर.