‘लाव’ म्हटलं की काय करायचं?

दिवा लावतात, कुलूप लावतात, झाड लावतात, मलमही लावतात. क्रियापद एकच, पण दर वेळी कृती वेगळी आणि ती ठरते पुढच्या वस्तूवरून. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमधला पॉलिमॉर्फिझम, म्हणजे बहुरूपता, ओळखीची व्हायला मराठी माणसाला एवढं पुरे. पाठ्यपुस्तकं मात्र कुत्रा-मांजर घेऊन बसतात: दोघांना ‘आवाज कर’ म्हणा, एक भुंकेल, दुसरं म्याव करेल. उदाहरण चूक नाही, पण त्यातून वाटतं की गंमत निरनिराळ्या आवाजांत आहे. खरी गंमत आहे हुकूम सोडणाऱ्याच्या अज्ञानात. इथे ‘लाव’ची उपमाही लंगडते: दिवा कसा लावायचा हे लावणाऱ्याला ठाऊक असावं लागतं, प्रोग्रॅममध्ये ते दिव्यालाच ठाऊक असतं.

समजा, वर्तुळं आणि चौकोन यांच्या क्षेत्रफळांची बेरीज हवी आहे. ‘वर्तुळ असेल तर हे सूत्र, चौकोन असेल तर ते’ अशी इफ-एल्सची उतरंड रचता येते. पण चित्र काढताना आणि साठवतानाही तीच उतरंड लागते. उद्या त्रिकोण आला की तिन्ही ठिकाणी डागडुजी. त्याऐवजी प्रत्येक आकाराने आपलं सूत्र स्वतःजवळ बाळगलं, तर बेरीज करणारा कोड फक्त ‘क्षेत्रफळ सांग’ म्हणतो. त्रिकोण आला तरी त्या कोडला हात लागत नाही. ही युक्ती जुनी आहे: ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नायगार्ड यांनी घडवलेल्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत क्लास होते, उपक्लास होते आणि ‘व्हर्च्युअल’ प्रोसीजरही होत्या. सी++मधला ‘व्हर्च्युअल’ हा शब्द तिथूनच आला. तरी नाव होतं ते सी++ आणि स्मॉलटॉकचं. डाल-नायगार्ड जोडीला २००१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला खरा, पण २००२मध्ये दोघंही गेले.

उतरंड वाचायला सोपी आणि थेट कॉल वेगवान, हा आक्षेप रास्त आहे. सी++मध्ये व्हर्च्युअल कॉल सहसा पत्त्यांच्या तक्त्यातून वळसा घेऊन जातो. कोट्यवधी वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये तो वळसा जाणवू शकतो, एरवी नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार. आकार ठरलेलेच राहिले आणि परिमिती, रंग अशी नवी कामं येत गेली, तर बहुरूपतेत दर वेळी प्रत्येक क्लास उघडावा लागतो. उतरंडीत नवं काम एकाच जागी लिहून होतं. म्हणून आधी विचारावं, वाढणार काय आहे: प्रकार की कामं? कुत्र्या-मांजराच्या उदाहरणात दोन्ही वाढत नाहीत. म्हणून तर ते शिकवायला सोपं आणि पटायला अवघड.